मन पाखरू आहे की पाखरासारखं? नववीच्या वर्गातलं एका कवितेचं प्रकरण

'अलंकार ओळखा' हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना अजिबात अवघड जात नाही. सारखा, जसा, समान दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा, 'हून' दिसलं की व्यतिरेक, एवढं पाठ असलं की मार्क खिशात. खरी अडचण पुढच्या प्रश्नाला येते. कवितेतला विचार तुमच्या शब्दांत लिहा म्हटलं की तीच हुशार मुलं 'कवयित्रीने अतिशय सोप्या व सुंदर शब्दांत मनाचे वर्णन केले आहे' असं लिहून मोकळी होतात. पुढे काही नाही. मी मराठी शिकवतो आणि हे प्रकरण माझ्याच वर्गातलं आहे, ते जरा सविस्तर लिहितोय कारण मला मनापासून वाटतं की साहित्यातल्या संज्ञा आणि तत्त्वविचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण मुलांना नकळत शिकवून टाकलंय, आणि ते मुळातच चुकीचं आहे.

हे कुठून येतं तेही बघा. रसग्रहणाचा प्रश्न दहावीच्या पेपरात चार मार्कांना असतो आणि त्याची ठरलेली चौकट म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. चौकट वाईट नाही, लिहायला कुठून सुरुवात करायची हे तरी कळतं. पण मुलांच्या डोक्यात तिचे तीन डबे होतात, विचार पहिल्या डब्यात, अलंकार दुसऱ्या डब्यात, बोलीभाषा तिसऱ्या डब्यात, आणि एका डब्यातलं दुसऱ्यात जाता कामा नये असं समजून सगळे लिहितात. मग अलंकार म्हणजे वरून घातलेले दागिने आणि विचार म्हणजे 'यातून आपल्याला असा बोध मिळतो की'.

वर्ग नववीचा, तालुक्याच्या गावातली शाळा, पन्नासेक मुलं. निम्मी शेतकऱ्यांच्या घरातली, बरीचशी एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांमधली, त्यात जळगाव-भुसावळकडची पण काही. कविता मी अभ्यासक्रमाबाहेरची निवडली, बहिणाबाई चौधरींची 'मन', म्हणजे गाईडमध्ये तयार उत्तर शोधायचा प्रश्नच नको. बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या, त्या मुलाने, म्हणजे सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या म्हणून वाचल्या, आणि त्या १९५१ मध्ये गेल्या त्यानंतर, १९५२ साली पुस्तक आलं. एवढं सांगितलं आणि कवितेचा कागद हातात दिला. काहीही समजावलं नाही. फक्त दोन प्रश्न विचारले, अलंकार कोणकोणते आणि कविता मनाबद्दल काय म्हणते.

अपेक्षेप्रमाणे झालं. अलंकारांच्या याद्या आल्या, चांगल्या आल्या. दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर होतं, मन चंचल असते. अहो, मन चंचल असतं हे तर कविता न वाचताही माहीत आहे, मग बाईंनी नऊ कडवी कशाला रचली?

भाषेची अडचण पटकन सुटली. भुसावळकडची एक मुलगी म्हणाली, आमच्या आजीकडे ळ चा य होतो, आभाळाचं आभाय, म्हणून वढाय म्हणजे ओढाळ आणि चप्पय म्हणजे चपळ. मग सगळ्या वर्गाला कविता वाचता यायला लागली.

पहिला वाद लागला तो 'मन पाखरू पाखरू' वरून. एका मुलीने रूपक लिहिलं होतं, कारण 'जसं' नाही. तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाने उपमा लिहिली होती आणि तो क्लासला जाणारा, त्यामुळे त्याच्याकडे शब्द तयार होता, "सर, लुप्तोपमा असू शकते, जसं गाळलंय फक्त." दोघंही ठाम. उत्तर सांगून टाकणं सोपं होतं, पण मी विचारलं की नाव राहू द्या बाजूला, 'मन पाखरासारखं आहे' आणि 'मन पाखरू आहे' या दोन वाक्यांत फरक काय पडतो ते सांगा. थोडा वेळ शांतता. मग एक जण म्हणाला की सारखं म्हटलं की आपण लांब उभं राहून दोन गोष्टी मापतोय असं वाटतं, आणि पाखरूच म्हटलं की मापायला कोणी उरत नाही, ते उडालेलं असतं.

हा पहिला धागा मिळाला. उपमेत उपमेय (ज्याची तुलना करतो ते, इथे मन) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करतो ते, इथे पाखरू) वेगळे राहतात, मध्ये साधर्म्य दाखवणारा शब्द असतो, म्हणजे बघणारा शाबूत असतो. रूपकात दोघं एकच होतात. व्याख्या मुलांना पाठ होतीच, पण व्याख्या मनाबद्दलच काहीतरी सांगते हे पहिल्यांदा लक्षात आलं. आपण आपल्या मनाकडे लांबून बघू शकतो का? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, आणि तो अलंकाराच्या व्याख्येतून निघाला, धड्याखालच्या बोधातून नाही.

मग परत पहिल्या कडव्यावर आलो.

मन वढाय वढाय
उभ्या पीकातलं ढोर
किती हाकला हाकला
फिरी येतं पिकांवर

इथे शेतकऱ्यांची मुलं जागी झाली. एरवी रसग्रहणाच्या तासाला खाली मान घालून बसणारा एक मुलगा म्हणाला, सर ढोर वाईट नसतंय, त्याला भूक असती आणि पीक गोड असतंय, ते येणारच. दुसरा म्हणाला, ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं बांधतात, लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की पायात येतो. आणि मग एका मुलीने असा प्रश्न विचारला की मला खरंच खुर्ची ओढून बसावंसं वाटलं. "पीक कुणाचं आहे सर? ढोर कुणाचं?" दोन्ही आपलंच, नाही का. शेजाऱ्याचं ढोर असतं तर भांडता आलं असतं, कोंडवाड्यात घालता आलं असतं. इथे खाणारंही आपलं, नुकसानही आपलं, आणि हाकणाराही आपणच. कवितेत हे कुठे लिहिलेलं नाही, पण चित्र जरा निरखून पाहिलं तर त्यात ते आहेच. व्यंजना व्यंजना म्हणून जी आपण व्याकरणात शब्दशक्तीखाली शिकवतो, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणारी, ती ही, आणि नववीच्या मुलीने ती कुठलंही नाव न घेता बरोबर पकडली.

लोढण्याचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत राहिला. मनाला लोढणं आहे का? तो मी मुद्दाम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला.

त्याचं उत्तर चौथ्या कडव्यात मिळतं. 'मन जह्यरी जह्यरी, याचं न्यारं रे तंतर, अरे इचू साप बरा, त्याले उतारे मंतर.' यादीत सगळ्यांनी इथे व्यतिरेक लिहिला होता, बरोबर आहे, उपमानापेक्षा उपमेय वरचढ. मी विचारलं, वरचढ कशात? आधी 'विषारीपणात' असं उत्तर आलं. परत वाचा म्हटलं. मग दिसलं की बाई असं म्हणतच नाहीत की मनाचं विष जास्त आहे, त्या म्हणतात विंचवाला सापाला उतारा आहे, मंत्र आहे, याला नाही. फरक विषात नाही, उपायात आहे. व्यतिरेक म्हणजे दोन गोष्टी बाजूबाजूला ठेवून नेमका फरक कुठे पडतो ते दाखवणं, म्हणजे तो एक युक्तिवादच आहे, आणि इथला सगळा विचार त्या एका फरकावर उभा आहे. तो काढून घ्या आणि 'मन सापासारखं विषारी' म्हणा, कडवं मेलंच.

हा अलंकार सगळीकडे असाच वागतो का हे बघायला नामदेवांचं 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' घेतलं, ते सगळ्यांना पाठ, व्यतिरेकाचं नेहमीचं उदाहरण. फरक कशात? गोडीत हे तर आहेच, पण एक जण म्हणाला अमृत फक्त देवांना मिळालं, नाम कुणालाही मिळतं. त्या ओळीत हे सरळ म्हटलेलं नाही त्यामुळे मी अर्धंच मान्य केलं, पण दिशा बरोबर होती. एकाच अलंकाराने नामदेव नाम उंच नेऊन ठेवतात आणि बहिणाबाई मन किती बिकट आहे ते दाखवतात.

पाचवं आणि सहावं कडवं आपण बहुतेक वेळा वेगवेगळं शिकवतो. पाखरू भुईवर होतं ते आभाळात गेलं, हे एक. मन चपळ, तठे वीज होऊन धरतीवर आलं, हे दुसरं. पण 'तठे' म्हणजे कुठे? आधीच्या कडव्यातल्या आभाळात. म्हणजे एकच फेरी आहे, जाताना पाखरू आणि येताना वीज. वर गेलं तेव्हा हलकं, गोजिरं, आणि परत आलं ते जाळणारं. रिकाम्या वेळात मनात काहीतरी गोड विचार सुरू होतो आणि अर्ध्या तासाने तोच विचार आपल्यालाच पोळतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही, त्यांनीच मला दोन-तीन उदाहरणं दिली, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

सातव्या कडव्यासाठी घरून खसखस नेली होती. 'मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना, मन केवढं केवढं, आभायात बी मायेना.' प्रत्येकाच्या तळहातावर एकेक दाणा. पंखा चालू होता त्यामुळे बऱ्याच जणांचे लगेच उडून गेले आणि बाकांखाली शोधाशोध सुरू झाली. ज्यांच्या हातावर राहिला त्यांना म्हटलं नीट बघा. नुसत्या डोळ्याला ठिपका दिसतो, पण एकीने भिंगातून पाहिलं तर त्यावर जाळीसारख्या बारीक रेषा होत्या. आता अलंकार कोणता? पहिल्या दोन ओळी उपमा, शेवटची अतिशयोक्ती, हे झालं. पण चारही ओळी एकदम घेतल्या की विरोधाभास होतो, एकच वस्तू दाण्याएवढी आणि आभाळात न मावणारी. इथे मागून आवाज आला, "तुका आकाशाएवढा!" अगदी बरोबर ठिकाणी आला. 'अणुरणीया थोकडा, तुका आकाशाएवढा.' आणि त्याच्याही मागे कठोपनिषदातलं 'अणोरणीयान् महतो महीयान्', अणूहून लहान, मोठ्याहून मोठा. पण उपनिषदात ते आत्म्याबद्दल आहे, आणि तुकोबा आकाशाएवढे होतात ते देहभाव टाकून दिल्यावर. बहिणाबाई तीच मापं घेतात आणि साध्या, आवरत नसलेल्या, शेतात शिरणाऱ्या मनाला लावतात. ज्याला काहीच साधलेलं नाही त्याचंही मन आभाळात मावत नाही. मला हे फार मोठं वाटतं. मुलांना कितपत वाटलं सांगता येणार नाही, पण लिहून घेतलं सगळ्यांनी.

आता लोढणं. बहिणाबाईंच्या आधी मनाबद्दल कोण काय म्हणून गेलं ते एका तासात फळ्यावर मांडलं. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन आवरणं वारा आवरण्याइतकं कठीण आहे, 'वायोरिव', इव आलं म्हणजे उपमा, आणि बहिणाबाईंच्या तिसऱ्या कडव्यातही मन उंडारतं ते 'जसं वारा वाहादन', परत वाराच. पण तिथे लगेच पुढच्या श्लोकात कृष्ण उपाय सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. समर्थांच्या मनाच्या श्लोकांत, भुजंगप्रयात वृत्तात, मनालाच सज्जन म्हणून हाक मारून समजावलंय. तुकोबा म्हणतात 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण'. वर्गातल्या एका मुलाच्या घरी धम्मपद वाचतात, त्याला म्हटलं चित्तवग्ग, म्हणजे त्यातला चित्तावरचा भाग, आणशील का, तो घेऊन आला, त्यात पहिलीच गाथा की चंचल, चपळ, आवरायला कठीण असं चित्त शहाणा माणूस सरळ करतो, बाण करणारा बाण सरळ करतो तसं. चपळ हा शब्द पाली गाथेतही आहे हे बघून तो भलताच खूश झाला.

म्हणजे सगळ्यांकडे काही ना काही लोढणं आहे. अभ्यास आहे, समजूत आहे, प्रसन्नता आहे, बाण सरळ करणारा हात आहे. बहिणाबाईंकडे? फळ्याच्या कोपऱ्यातला प्रश्न 'पीक कुणाचं' विचारणाऱ्या मुलीनेच वाचला आणि म्हणाली, यांनी नाहीच दिलं. उतारा नाही म्हणाल्या आणि उपदेशही केला नाही. मग शेवटी काय केलं? शेवटी देवाला विचारलं.

आणि इथे रचना बघायला लावली. ओळ आठ अक्षरांची, मोजून बघितली सगळ्यांनी. पहिल्या सात कडव्यांची सुरुवात एकाच साच्यात, मन वढाय वढाय, मन मोकाट मोकाट, मन लहरी लहरी, दोन अक्षरांचं मन आणि तीन अक्षरांचा शब्द दोनदा. पुनरुक्ती हा शब्द भाषिक वैशिष्ट्यांत सगळे लिहितात, 'नादमाधुर्य निर्माण झाले आहे' हे ठरलेलं वाक्य जोडून. पण हाकललं तरी परत येणारं ढोर आणि परत परत येणारा शब्द, यांचा संबंध कोणी लावत नाही. आणि शेवटच्या दोन कडव्यांत तो साचाच मोडतो. 'देवा, कसं देलं मन', 'देवा, आसं कसं मन'. मन पहिल्या जागेवरून ओळीच्या शेवटी गेलं, आणि पहिल्या जागी देव आला. तोवर मनाचं वर्णन होतं, आता ते देणाऱ्याला जाब आहे. मला तरी तो जाबच वाटतो, काही मुलांना कौतुक वाटलं, 'काय तुझी करामत' म्हटलंय ना. दोन्ही असू शकतं.

सगळ्यात चांगला क्षण शेवटच्या ओळींवर आला. 'कुठे जागेपनी तुले असं सपनं पडलं!' म्हणजे देवाला जागेपणी पडलेलं स्वप्न म्हणजे माणसाचं मन. ढोराबद्दल बोललेला तोच मुलगा म्हणाला, "सर, मग देवाचं पण मन भटकतंय का?" वर्ग हसला, मी नाही हसलो. कारण आधीच्याच कडव्यात देवाला योगी म्हटलंय, 'आसा कसा रे तू योगी', आणि योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध हे पतंजलीच्या दुसऱ्याच सूत्रात आहे. ज्याने चित्त थांबवलं तो योगी, आणि त्यालाच जागेपणी स्वप्न पडलं. हा विरोधाभास आहे, खसखशीच्या कडव्यापेक्षाही मोठा, आणि तो दोन कडव्यांत पसरलेला असल्यामुळे 'ओळीतील अलंकार ओळखा' म्हणून कधीच सापडणार नाही.

नवव्या शतकात आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने म्हणून ठेवलंय की ज्यासाठी कवीला वेगळा यत्न करावा लागत नाही, जो रसाच्या ओघातच येतो, तोच अलंकार ध्वनिकाव्यात, म्हणजे सुचवलेल्या अर्थाला महत्त्व असलेल्या काव्यात, बसतो. मी हे मुलांना साध्या शब्दांत सांगितलं. बहिणाबाईंना व्यतिरेक हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं. उतारा नाही हे म्हणायचं होतं, ते म्हणताना व्यतिरेक झाला.

परिणाम काय झाला ते आता. तेच दोन प्रश्न एकत्र करून परत लिहायला दिले, अलंकारामुळे मनाबद्दल काय कळतं. बऱ्याच उत्तरांत फरक पडला. एका उत्तरात होतं, 'साप चावला तर दवाखाना आहे, मन चावलं तर दवाखाना नाही, म्हणून इथे व्यतिरेक लागतो, उपमा चालली नसती.' 'चालली नसती' या दोन शब्दांसाठी मी सगळं केलं होतं. पण दहा-बारा मुलांनी वर्गात बोललेली वाक्यंच पाठ करून उतरवली, म्हणजे गाईडच्या जागी मी आलो एवढंच. पुढच्या एका वेगळ्या कवितेवर दोघांनी व्यतिरेकाच्या उत्तरात 'उतारा नसणे' लिहिलं, तिथे उताऱ्याचा काही संबंध नव्हता. या मुलांसाठी वेगळं काहीतरी करावं लागेल, बहुतेक गटात बोलायला लावून आधी त्यांचंच वाक्य मिळवायचं आणि मग लिहायचं.

पालकांपैकी काहींनी विचारलं की अभ्यासक्रमाबाहेरच्या कवितेवर एवढे तास कशाला. रास्त प्रश्न आहे. मी त्यांना चार मार्कांच्या चौकटीत लिहिलेली दोन उत्तरं दाखवली, आधीचं आणि नंतरचं, तिन्ही मुद्दे दोन्हींत होते, फक्त दुसऱ्यात काव्यसौंदर्याचा परिच्छेद आशयाच्या परिच्छेदाला धरून होता. बहुतेकांचं समाधान झालं, एका पालकांचं नाही झालं.

एक वाद अजून मिटलेला नाही. आठव्या कडव्यातल्या 'आसं नही दुनियात' याला अनन्वय म्हणायचं का? काही मुलांचं म्हणणं, एवढी सगळी उपमानं दिली, ढोर, लाटा, वारा, पाखरू, वीज, दाणा, आणि शेवटी सांगितलं की याच्यासारखं जगात काहीच नाही, म्हणजे सगळी उपमानं परत घेतली, हा 'यासम हा' चाच प्रकार. दुसरी बाजू म्हणते, अनन्वयात वस्तूला तिचीच उपमा द्यावी लागते, इथे मन मनासारखं असं कुठे म्हटलंय, नुसतं दुसरं नाही एवढंच म्हटलंय. व्याख्येने गेलं तर दुसरी बाजू बरोबर आहे. पण उपमानं परत घेतली हे निरीक्षण इतकं चांगलं आहे की ते खोडायला माझा पेन चालला नाही. कारण नीट लिहिलं होतं त्या सगळ्यांना मी पूर्ण मार्क दिले, नुसतं नाव लिहिलं होतं त्यांना अर्धा.